नेटवर्क कार्ड थेट आभासी संगणकाला देताना
लिनक्सच्या केव्हीएम प्रणालीत मूळ संगणकाचे नेटवर्क कार्ड थेट आभासी संगणकाच्या ताब्यात देता येते. ते चालले नाही, तर तपासणी क्रमाने करावी. प्रथम बायोसमध्ये इंटेलचे व्हीटी-डी किंवा एएमडीचे आयओएमएमयू सुरू आहे का, ते पाहावे. कार्डाला मेमरीच्या नेमून दिलेल्या भागातच ठेवण्याचे काम ही यंत्रणा करते. मग कार्डाचा आयओएमएमयू गट, म्हणजे एकत्रच देता येणाऱ्या उपकरणांचा संच, तपासावा. त्याच गटातले दुसरे उपकरण मूळ संगणक वापरत असेल, तर कार्ड देता येत नाही. अशा वेळी स्लॉट बदलून पाहावा. त्यानंतर मूळ संगणकात कार्डाला व्हीएफआयओ हा कार्ड आभासी संगणकासाठी राखून ठेवणारा ड्रायव्हर जोडलेला असल्याची खात्री करावी. शेवटी आभासी संगणकात कार्डाचा स्वतःचा ड्रायव्हर बसवावा. दिलेले कार्ड मूळ संगणकाला वापरता येत नाही, म्हणून त्या संगणकाच्या दूरस्थ जोडणीसाठी दुसरे कार्ड राखून ठेवावे.