अश्मरीभेदनाची नवी वाट : डॉ. ख्रिश्चन शॉसी यांचे कार्य

मुतखड्याच्या तीव्र वेदनेने तळमळणारा रुग्ण आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. आचार्य सुश्रुतांनी निदानस्थानाच्या तिसऱ्या व चिकित्सास्थानाच्या सातव्या अध्यायात अश्मरीचे सविस्तर विवेचन केले आहे. त्यांचे वर्णन मुख्यतः बस्तिगत अश्मरीचे आहे. व्याधी नवीन असता औषधाने साध्य, वाढल्यावर मात्र छेदनार्ह, असा त्यांचा स्पष्ट निर्णय आहे. त्याचबरोबर कुशल वैद्याच्या हातूनही या शस्त्रकर्मातील यश अनिश्चित असल्याने ते अखेरचा उपाय म्हणून, तेही राजाची अनुज्ञा घेऊनच करावे, असे ते सांगतात. शस्त्राविना अश्मरी फोडता येईल काय, हा प्रश्न त्यामुळे फार जुना आहे. त्याचे एक समर्थ उत्तर ज्यांच्या हातून मिळाले, त्या जर्मन मूत्ररोगतज्ज्ञ डॉ. ख्रिश्चन शॉसी यांच्या कार्याचा परिचय येथे करून देत आहे.

या संशोधनाचा उगम रुग्णालयात नव्हे, विमानाच्या कारखान्यात आहे. ध्वनीपेक्षा अधिक वेगाने जाणाऱ्या विमानावर पावसाचे थेंब आदळले की आघात-तरंग निर्माण होऊन धातूच्या आतील भागास इजा पोहोचते. डॉर्नियर कंपनीचे अभियंते याचा अभ्यास करीत होते. हे तरंग पाणी व मृदू धातूंमधून फारशी हानी न करता जातात, परंतु कठीण व ठिसूळ पदार्थास भेदतात. मग ते वृक्कातील अश्मरीवर केंद्रित का करू नयेत? म्युनिक येथील प्रा. एगबर्ट श्मिट, प्रा. वाल्टर ब्रेंडेल व डॉ. फर्डिनंड आयझेनबर्गर यांच्या समवेत तरुण शॉसी या प्रश्नाच्या मागे लागले. १९७४ मध्ये जर्मन शासनाचे अर्थसाहाय्य मिळाले.

पुढील वाट सोपी नव्हती. मानवी अश्मरी श्वानांच्या वृक्कात ठेवून प्रयोग झाले. फुफ्फुसातील हवेमुळे त्या अवयवास या तरंगांपासून धोका असल्याचे दिसून आले, तेव्हा त्याच्या संरक्षणाचा विचार करावा लागला. अश्मरीचे नेमके स्थान सोनोग्राफीने निश्चित करण्याचे प्रारंभीचे प्रयत्न फसले, म्हणून दोन दिशांनी क्ष-किरण टाकण्याची योजना करावी लागली. पाण्याच्या टाकीत रुग्णास बसवून, पाण्याखालील विद्युत ठिणगीने उत्पन्न झालेले तरंग लंबवर्तुळाकार परावर्तकाने अश्मरीवर एकवटायचे, अशी ही रचना होती. अखेर ७ फेब्रुवारी १९८० रोजी म्युनिकमध्ये पहिल्या रुग्णावर उपचार झाले. त्याच वर्षी डिसेंबरात ‘लॅन्सेट’मध्ये अनुभव प्रसिद्ध झाले; १९८२ मध्ये ७२ रुग्णांचा वृत्तांत आला. १९८४ च्या डिसेंबरात अमेरिकेतील औषध नियामकांनीही यंत्रास मान्यता दिली. कुशीवर मोठा छेद घेऊन आठवडेच्या आठवडे अंथरुणावर पडून राहण्याची असंख्य रुग्णांची वेळ टळली.

शॉसींचे कार्य येथेच थांबले नाही. देशोदेशीचे शल्यचिकित्सक म्युनिकला येऊन ही पद्धती शिकून गेले. स्वतः शॉसींनी लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात अध्यापन केले व नंतर म्युनिकच्या हारलाखिंग रुग्णालयात मूत्ररोग विभागाची धुरा सांभाळली. आपली विद्या जवळ न ठेवता ती दुसऱ्याच्या हाती सोपविणे, हे गुरूचे खरे लक्षण होय.

या उपचारास मर्यादाही आहेत. गर्भिणी तसेच रक्तस्रावाची प्रवृत्ती असणारे रुग्ण यास अपात्र ठरतात. मोठ्या अश्मरीचे कण मूत्रवाहिनीत रांगेने अडकून मार्गावरोध होऊ शकतो. जर्मन भाषेत यास ‘दगडांचा रस्ता’ अशा अर्थाचे नाव आहे. आज दुर्बिणीद्वारे लेसरने अश्मरी फोडण्याचा प्रघात अधिक वाढला आहे. तथापि, शस्त्राविना भेदनाची वाट शॉसी व त्यांच्या सहकाऱ्यांनीच खुली केली.

आता थोडे स्वतःविषयी. काही वर्षांपूर्वी एका शेतकरी रुग्णास मी वरुण, गोक्षुर व पाषाणभेद यांचा काढा दिला. आठ दिवसांत वेदना थांबल्या. रुग्ण आनंदित झाला, मीही समाधान मानले आणि पुन्हा सोनोग्राफी करविली नाही. अश्मरी मात्र मूत्रवाहिनीत तशीच होती. काही महिन्यांनी तपासणी झाली तेव्हा त्या बाजूच्या वृक्काचे कार्य बरेचसे गेलेले होते. वेदना शमली म्हणजे व्याधी गेला, असे मी गृहीत धरले. दोष औषधाचा नव्हता, माझा होता.

म्हणून वैद्यबंधूंना नम्र विनंती आहे. पाच मिलिमीटरहून लहान अश्मरी पुष्कळदा आपोआपही पडते. प्रत्येक यशाचे श्रेय काढ्यास देऊ नये. वेदना थांबली तरी अश्मरी पडल्याची खात्री सोनोग्राफीने करावी. अवरोधासह ज्वर, मूत्राघात अथवा एकच वृक्क असलेला रुग्ण क्षणाचाही विलंब न करता मूत्ररोगतज्ज्ञाकडे पाठवावा. अश्मरी निघाल्यानंतर ती पुन्हा होऊ नये म्हणून निदानपरिवर्जन, विपुल जलपान व पथ्यपालन हे आपले क्षेत्र आहेच, आणि ते लहान नाही. केव्हा औषध द्यावे व केव्हा रुग्ण दुसऱ्याच्या हाती सोपवावा, हा विवेक सुश्रुतांनी आपणांस केव्हाच शिकविला आहे. तो आचरणात आणणे एवढेच आपले काम उरले आहे.