तार बारीक होते तेव्हा धातू बदलतो का?

आपल्या नगर जिल्ह्यात पाण्याची मोटार जळली की ती वाइंडिंगवाल्याकडे जाते. तिथली तांब्याची तार आपण बोटांनी वाकवतो आणि ती वाकलेलीच राहते. जाड तारेला जोर जास्त लागतो, बारकीला कमी. यात नवल नाही. पण जाडीचा हिशेब बाजूला काढला, तर उरणारी ताकद दोन्हींत सारखीच ना? जुनं शास्त्र म्हणायचं, हो. ताकद हा पदार्थाचा गुण. मापाशी तिला देणंघेणं नाही.

१९९४ साली नॉर्मन फ्लेक आणि सहकाऱ्यांनी १७० ते १२ मायक्रोमीटर व्यासाच्या तांब्याच्या तारा पिळून पाहिल्या. व्यासाचा हिशेब करूनही सर्वांत बारीक तार सुमारे तिप्पट कणखर निघाली. सरळ ओढल्यावर मात्र फरक फारच थोडा. १९९८ मध्ये स्टोल्कन आणि एव्हान्स यांनी निकेलचे पातळ पत्रे वाकवले. तिथेही जितका पत्रा पातळ, तितका तो कणखर.

असं का? धातूचा स्फटिक म्हणजे अणूंचे शिस्तीत रचलेले थर. ते एकमेकांवरून घसरले की धातू कायमचा वाकतो. थर एकदम घसरत नाही. रचनेतली एक खोट, म्हणजे डिसलोकेशन, सतरंजीतल्या सुरकुतीसारखी पुढे सरकते.

आता वळणावरचं ज्वारीचं शेत डोळ्यांपुढे आणा. बाहेरची कड लांब, आतली आखूड. आडव्या तासांमधलं अंतर सारखं ठेवायचं, तर बाहेरच्या बाजूला अर्धवट तासं जास्तीची घालावी लागतात. वाकलेल्या स्फटिकातही असे अर्धवट थर लागतात. प्रत्येक थर जिथे संपतो, तिथे एक डिसलोकेशन. वाक आणि ही दाटी यांचं गणित जॉन नाय यांनी १९५३ मध्ये मांडलं. पृष्ठभाग तितक्याच टक्क्यांनी ताणायचा आणि पत्रा दहापट पातळ घ्यायचा, तर ही जास्तीची दाटी दहापट होते. दाटीत डिसलोकेशन एकमेकांची वाट अडवतात आणि धातू हटून बसतो. सरळ ओढताना ही जास्तीची दाटी लागत नाही.

पण कारण एवढंच नाही. २००४ मध्ये निकेलचे सूक्ष्म खांब नुसते दाबले, तरी लहान खांब कणखर निघाले. इतक्या लहान जागेत नवी डिसलोकेशन निर्माण करणारी ठिकाणंच अपुरी पडतात.

याचा व्यवहारात अर्थ काय? सूक्ष्म टोकाने खड्डा पाडून मोजलेला कठीणपणा जास्त भरतो. तोच आकडा ट्रॅक्टरच्या एक्सलला लावला, तर एक्सल आपण समजतो त्याहून मऊ असेल. म्हणून धातूची ताकद सांगणाऱ्याला आपण आधी विचारावं: किती मापाच्या तुकड्याची?