चार मिलिमीटरचा भुंगेरा

पेटीचं झाकण निघतं आणि डांबरगोळ्यांचा उग्र वास नाकात शिरतो. आकुर्डीच्या भारतीय प्राणी सर्वेक्षण केंद्रातल्या टेबलावर पाणभुंगेरे रांगेनं मांडलेले आहेत. मोठ्यांना टाचणी टोचली आहे, तीही प्रत्येकाच्या उजव्या पंखातून. मधली रेघ आणि पोटाखालचा भाग शाबूत राहावा म्हणून.

पहिल्या रांगेतला सायबिस्टर ट्रायपंक्टॅटस ओळखायला मला वेळ लागत नाही. अडीच सेंटीमीटरची काळपट हिरवी पाठ, कडेला पिवळी पट्टी, वल्ह्यासारखे मागचे पाय. ऑलिव्हिए यांनी १७९५ साली त्याचं वर्णन केलं. खरी कसोटी खालच्या रांगेत आहे. तिथले लॅकोफिलस जेमतेम चार मिलिमीटरचे. टाचणी त्यांना सोसत नाही, म्हणून पुठ्ठ्याच्या त्रिकोणी टोकावर चिकटवलेत.

"सर, हे दोन्ही एकच वाटतात."

"पाठीवर जाऊ नकोस. नक्षी फसवते. नर घे."

पुठ्ठ्यावरचा नर सकाळीच गरम पाण्यात टाकलाय. आता तो मऊ झालाय. सूक्ष्मदर्शकाखाली मी त्याच्या पोटाचं टोक चिमट्यानं धरते आणि टोक वाकवलेली बारीक सुई हळूच आत सरकवते. श्वास रोखावा लागतो. सुई जरा घसरली तरी कित्येक वर्षं जपलेला नमुना फाटेल. तपकिरी, केसाएवढा एक तुकडा बाहेर येतो. नराचं जननेंद्रिय. ग्लिसरीनच्या थेंबात तो कुशीवर वळवते. टोक आकड्यासारखं वळलेलं आहे, आणि शेवटी निमुळतं. दुसऱ्याचं काढते. ते जाड, बोथट. पाठ तीच, ठिपके तेच, आणि तरीही हे दोघे वेगळे! माझ्या अंगावर शहारा येतो.

सर माझ्यापुढे वजिरानींची पाणभुंगेऱ्यांची १९७७ ची सूची सरकवतात. "आता नाव शोध. घाई नको." दोन्ही तुकडे ग्लिसरीन भरलेल्या इवल्या नळ्यांत जातात आणि नळ्या त्याच नमुन्यांच्या टाचण्यांना खाली लागतात. उद्या कुणाला माझा निर्णय पटला नाही, तर पुरावा तिथेच असेल.

तिसरा भुंगेरा उचलते. नर आहे, टोकही स्पष्ट दिसतंय. पण टाचणीला चिठ्ठीच नाही. सर बराच वेळ तो हातात धरून बसतात. जात कळेल, पण तो कुठल्या तळ्यातला, कुठल्या पावसाळ्यातला, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. ते तळं आज आहे की बुजलं, तेही नाही.

शाळेच्या, कॉलेजच्या संग्रहासाठी तुम्ही कधी कीटक जमवलात, तर त्याच दिवशी, पेन्सिलीनं का होईना, एवढं लिहा: गाव, तालुका, पाणवठा, तारीख, तुमचं नाव.