इंजिन बदललेल्या व्हॅनचा सायलेन्सर

बाजाराच्या दिवशी कड्याला माल घेऊन येणाऱ्या व्हॅन बघा. नगर ते आष्टी रेल्वे २०२२ साली सुरू झाली, कड्याला स्टेशनही झाले. पण वाडीवस्तीवरची पोती बाजारात आणते ती व्हॅनच. जुन्या व्हॅनचे इंजिन कामातून गेले की मालक दुसऱ्या गाडीचे इंजिन टाकतो. नवी गाडी घ्यायची ऐपत सगळ्यांची कुठून असणार?

इंजिन बसले, चालू झाले, की सगळे खूश. आणि खालचा पाइप? "तारेने बांध, चालतंय." हे मात्र चालत नाही. का, ते समजून घेऊ.

इंजिनात पेट्रोल किंवा डिझेल जळते. त्याचा धूर मॅनिफोल्डमधून पाइपात येतो, तेथून सायलेन्सरच्या डब्यात आणि शेवटी मागे बाहेर पडतो. या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. पेट्रोलच्या धुरात तो जास्त. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातला तांबडा पदार्थ प्राणवायू वाहून नेतो. तोच पदार्थ या वायूला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो. मग प्राणवायूला जागाच राहत नाही. डोके दुखते, मळमळते, झापड येते. माणसाला वाटते, ऊन लागले. आणि हातात तर स्टिअरिंग असते!

ओम्नीसारख्या व्हॅनचे इंजिन पुढच्या सीटखालीच असते. तिथला सांधा गळका असेल तर धूर थेट बसणाऱ्याच्या खाली.

आता बसवायचे कसे? आधी इंजिन फाउंडेशनच्या रबरांवर पक्के बसवा, मगच पाइपाचे माप घ्या. दुसऱ्या इंजिनाचे तोंड कधी वेगळ्याच बाजूला येते. जुना पाइप ओढूनताणून जोडला तर सांधा लवकरच तडकतो. जुना पाइप नव्या इंजिनाला बारीक पडत असेल तर तोही टाकून द्या. धूर कोंडला की इंजिनाचा जोर जातो आणि ते तापते.

खरी गोम पुढेच आहे. इंजिन हलते, पण गाडीचा सांगाडा त्याच्याबरोबर हलत नाही. पाइप एका टोकाला इंजिनाला आणि मध्ये सांगाड्याला बांधलेला. शिवाय तो तापला की लांब होतो. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना लोहार ती आधी तापवतो ना? तापली की ती मोठी होते. तसेच इथे. दीड मीटरचा लोखंडी पाइप ४०० अंशांनी तापला तर सुमारे ७ मिलिमीटर वाढतो. म्हणून पाइप सांगाड्याला वेल्डिंग करू नये. तो रबराच्या कड्यांवर टांगावा. इंजिनाजवळ जाळीचा लवचिक तुकडा घालावा. मॅनिफोल्डच्या तोंडाशी पॅकिंग नवेच घ्यावे. जुने परत वापरून वाचतात किती पैसे?

पेट्रोलची नळी, ब्रेकची नळी आणि वायरी यांपासून पाइप दूर ठेवा. जवळून नेणे भागच असेल तर मध्ये पत्रा घाला. पाइप गाडीवर लावून नुसते टाके मारा. मग खाली उतरवून सगळीकडून वेल्डिंग करा. टाके मारण्याआधी बॅटरीची तार काढायला विसरू नका. मागचे तोंड गाडीच्या पत्र्याच्या बाहेर आले पाहिजे, पत्र्याखालीच संपता कामा नये.

मागचे दार उघडे ठेवून पोती न्यायची पुष्कळांना सवय आहे. धावत्या गाडीच्या मागे हवेचा भोवरा होतो आणि बाहेर पडलेला धूर उघड्या दारातून पुन्हा आत ओढला जातो. पोत्यांवर पोरे बसलेली असतात. पाइप कितीही चांगला बसवला तरी इथे त्याचा उपयोग नाही.

कागदाचेही बघा. इंजिन बदलायचे तर मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे नोंदणी कार्यालयाची मंजुरी लागते. आपल्याकडच्या एम. एच. २३ नंबरच्या गाड्यांचे हे काम बीडला होते. धुराची तपासणीही करून घ्यावी लागते.

काम झाले की गाडी मोकळ्या जागेत उभी करा. पाइप थंड असतानाच सांध्यांना साबणाचे पाणी लावा. एकाने इंजिन चालू करावे, दुसऱ्याने जाड ओल्या फडक्याने मागचे तोंड क्षणभर दाबावे. जिथे बुडबुडे येतील तिथे गळती. पंधरा दिवसांनी पुन्हा खाली वाकून बघा. सांध्याभोवती काजळीचा काळा डाग दिसला तर बोल्ट आवळा, नाहीतर पॅकिंग बदला.