देवांना मान्यता देणारे राज्य

चीनमध्ये सम्राटांच्या काळी देवांनाही बढती मिळत असे. एखाद्या ग्रामदेवतेने दुष्काळात पाऊस पाडला किंवा दरोडेखोरांपासून गाव वाचवले, अशी लोकांची खात्री पटली की गावातले प्रतिष्ठित लोक सरकारकडे अर्ज करत. सुंग राजवंशाच्या काळात (९६० ते १२७९) चमत्काराची शहानिशा करायला शेजारच्या जिल्ह्यातला अधिकारी पाठवला जाई. अर्ज खरा ठरला की राजधानीहून देवळासाठी नामफलक येई, देवाला पदवी मिळे आणि नवे चमत्कार नोंदले गेले की ती वाढत जाई. ज्या देवाला अशी मान्यता नव्हती त्याचे देऊळ अनधिकृत समजले जाई. कडक अधिकारी आला तर ते पाडलेही जाई.

समुद्रदेवता मात्सू ही या व्यवस्थेतून वर चढलेली सर्वांत प्रसिद्ध देवता. परंपरेनुसार ती दहाव्या शतकात फुजियान प्रांताच्या किनाऱ्याजवळील मेइचौ बेटावर जन्मलेली लिन मो नावाची मुलगी. तरुणपणीच ती गेली आणि कोळी-खलाशी तिला भजू लागले. ११२३ मध्ये कोरियाला निघालेले शाही शिष्टमंडळ वादळातून बचावले, त्याचे श्रेय तिला मिळाले आणि दरबाराने तिच्या देवळाला पहिला नामफलक दिला. १२८१ मध्ये कुबलाई खानाने तिला स्वर्गीय राणीचा दर्जा दिला. दक्षिणेचे धान्य समुद्रमार्गे उत्तरेला नेण्यावर त्याच्या दरबाराची भिस्त होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या पदवीमागचा हिशेब कळतो. १६८३ मध्ये चिंग राजवंशाचा सेनापती शी लांग याने तैवान जिंकले तेव्हाही विजयाचे श्रेय मात्सूला देण्यात आले. कोळ्यांची देवी अशा रीतीने साम्राज्याचीही झाली.

स्वतः सम्राट हा स्वर्गाचा पुत्र मानला जाई. हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवशी बीजिंगच्या स्वर्गमंदिराच्या वेदीवर स्वर्गाला आहुती देण्याचा अधिकार एकट्या त्याचा होता. त्यामुळे राज्य धर्माच्या बाहेर उभे राहून त्याच्याशी करार करते, ही युरोपातली कल्पना चीनला लागू पडत नाही. येथे राज्य हीच सर्वोच्च धार्मिक सत्ता होती. तिच्या परवानगीवाचून जमणाऱ्या पंथांची तिला कायम धास्ती वाटे आणि ती निराधार नव्हती. १७९६ ते १८०४ या काळातल्या श्वेतकमळ पंथाच्या बंडाने चिंग खजिना रिकामा केला. १८५० मध्ये सुरू झालेल्या ताइपिंग बंडाचा नेता होंग श्यूच्वान स्वतःला येशूचा धाकटा भाऊ म्हणवीत असे. त्या चौदा वर्षांच्या यादवीत कोट्यवधी माणसे मेली. पंथ वाढला की बंड होते, ही समजूत चिनी राज्यकर्त्यांच्या मनात तेव्हापासून आणखीच घट्ट झाली.

१८९५ मध्ये जपानकडून झालेल्या पराभवाने मात्र प्रश्नच बदलला. राष्ट्र वाचवायचे कसे, या चिंतेपुढे देवदेवता अडगळ वाटू लागल्या. १८९८ मध्ये चांग चिदोंग या वरिष्ठ अधिकाऱ्याने दहापैकी सात देवळांच्या जागा आणि जमिनी शाळांना द्याव्यात असे सुचवले. त्याच वर्षी कांग योवेई हा सुधारक वेगळी मागणी करत होता. ख्रिस्ती चर्चमुळे युरोप संघटित झाला असे त्याचे मत होते, म्हणून कन्फ्यूशियसच्या शिकवणीला राष्ट्रधर्म करावे असा त्याचा आग्रह होता. त्याची मागणी कधीच पुरी झाली नाही. देवळे ताब्यात घेणे मात्र पुढची कित्येक दशके चालू राहिले. गावाचे उत्सव, बाजार, तंटे मिटवणे, सामाईक जमीन हे सारे देवळाभोवती फिरत होते. शाळा उघडल्या हे चांगलेच झाले, पण गावाची संघटनाच मोडली गेली, ही हानी सुधारकांच्या लक्षात आली नाही.

याच सुमारास राष्ट्रवादाने स्वतःचा एक पूर्वज शोधला. पुराणकथांतला पीत सम्राट हा साऱ्या चिनी लोकांचा मूळपुरुष ठरवला गेला. क्रांतीचे नेते सन यत्-सेन यांनी १ जानेवारी १९१२ ही प्रजासत्ताकाची पहिली तारीख जाहीर केली तीदेखील पीत सम्राटाच्या सनावळीतल्या ४६०९ व्या वर्षाचा हवाला देऊन. १९३७ च्या वसंतात, जपानी आक्रमणाच्या तोंडावर, दहा वर्षे एकमेकांशी लढलेल्या राष्ट्रवादी आणि कम्युनिस्ट या दोन्ही पक्षांनी शान्शी प्रांतातल्या त्याच्या समाधीवर प्रतिनिधी पाठवले. कम्युनिस्टांच्या बाजूने वाचलेला श्रद्धांजलीचा मजकूर माओंनी लिहिला होता.

राष्ट्रवादी पक्षाच्या नानजिंग सरकारने १९२८ मध्ये काढलेला आदेश बारकाईने पाहण्यासारखा आहे. कोणती देवस्थाने ठेवायची आणि कोणती मोडायची याचे निकषच त्यात दिले होते. कन्फ्यूशियस आणि पीत सम्राट राहिले. ग्वान यू आणि य्वे फेइ हे सेनानीही राहिले, कारण ते शौर्याचे व निष्ठेचे आदर्श मानले गेले. नगररक्षक देव, पाऊस देणारा नागराज, चूलदेवता, धनदेव, वानरराज यांना मात्र अंधश्रद्धा म्हणून रद्द ठरवले. बौद्ध आणि ताओ यांसारख्या धर्मांना जागा मिळाली, पण शेतकऱ्याच्या घरातला देव त्यात बसत नव्हता. आधुनिक म्हणवणाऱ्या सरकारने स्वर्गाची वेदी सोडली, देवांची यादी करण्याचा सम्राटाचा हक्क मात्र सोडला नाही.

१९४९ नंतर कम्युनिस्ट सरकारने तीच चौकट आणखी आवळली. बौद्ध, ताओ, इस्लाम, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट हे पाचच धर्म मान्य झाले व प्रत्येकासाठी सरकारच्या देखरेखीखालची एक संघटना उभी राहिली. दोन्ही ख्रिस्ती संघटनांच्या नावातच ‘देशभक्त’ हा शब्द आहे. धर्म परकीयांचा असला तरी निष्ठा देशाशी हवी, ही अट नावातच घातलेली. सांस्कृतिक क्रांतीत (१९६६ ते १९७६) देवळे, चर्च, मशिदी सगळेच बंद पडले. १९८२ च्या घटनेने धर्मश्रद्धेचे स्वातंत्र्य दिले, पण संरक्षण फक्त ‘सामान्य’ धार्मिक व्यवहारांना आहे आणि सामान्य कशाला म्हणायचे हे सरकार ठरवते. एप्रिल १९९९ मध्ये फालुन गोंग या पंथाचे सुमारे दहा हजार अनुयायी बीजिंगमध्ये सत्तेचे केंद्र असलेल्या चोंगनानहाय परिसराबाहेर शांतपणे उभे राहिले. तीन महिन्यांत पंथावर बंदी आली.

तैवानची वाट निराळी झाली. १९४५ पर्यंतच्या जपानी अमलाच्या शेवटच्या वर्षांत तेथे देवळे मोडून शिंतो लादला जात होता. मग राष्ट्रवादी पक्षाची दीर्घ लष्करी राजवट आली. तिच्याविरुद्ध १९७७ मध्ये प्रेस्बिटेरियन चर्चने जाहीर निवेदन काढून तैवान नवा आणि स्वतंत्र देश व्हावा अशी मागणी केली. १९८७ मध्ये लष्करी कायदा उठला आणि धार्मिक जीवन मोकळे झाले. सरकारी मान्यतेची वाट न पाहता वाढलेल्या संस्थांपैकी त्सु-ची ही बौद्ध संस्था १९६६ मध्ये हुआलिएनमध्ये सुरू झाली होती. आज तिची रुग्णालये आहेत आणि जगभर मदतकार्य चालते.

मात्सूचे राजकारण मात्र संपले नाही. दरवर्षी तैवानमधील दाजिया येथून देवीची पालखी निघते. नऊ दिवस आणि आठ रात्री, सुमारे ३४० किलोमीटर भाविक पायी चालतात. वाटेतली गावे त्यांना जेवण, पाणी आणि विसाव्याला जागा देतात आणि पालखी डोक्यावरून जावी म्हणून शेकडो लोक रस्त्यावर ओणवे होतात. पंढरीची वारी पाहिलेल्या माणसाला ही यात्रा समजावून सांगावी लागणार नाही. १९८७ मध्ये, दोन्ही बाजूंत थेट प्रवास बंद असताना, दाजियाची मंडळी जपानमार्गे मेइचौच्या मूळ देवळात जाऊन आली. बीजिंगला हे सोयीचे होते. सामुद्रधुनीच्या दोन्ही तीरांवर एकच देवी पुजली जाते, म्हणजे दोन्हीकडचे लोक एकच, असा त्याचा युक्तिवाद आहे. नास्तिक पक्षाचे सरकार देवीच्या यात्रांना उत्तेजन देते ते यासाठी. तैवानमधल्या अनेक भक्तांना मात्र ती आपल्या बेटाची रक्षणकर्ती वाटते.

सिंगापूरमध्ये बहुसंख्य लोक चिनी वंशाचे असूनही राज्याने कोणत्याही एका परंपरेची बाजू घेतलेली नाही. १९८४ मध्ये शाळांत धर्मशिक्षणासोबत कन्फ्यूशियन नीतिशास्त्र आले, पण धर्मांची चुरस वाढू लागल्याने ते मागे घेतले गेले आणि १९९० मध्ये धार्मिक सलोख्याचा कायदा झाला.

चीनच्या मुख्य भूमीवर शी जिनपिंग यांच्या काळात धर्मांचे ‘चिनीकरण’ हे अधिकृत धोरण झाले. त्याआधीच, २०१४ पासून, ज्याज्यांग प्रांतात शेकडो चर्चवरचे क्रूस उतरवले जात होते. मशिदींचे घुमट आणि मिनार काढून तेथे चिनी धाटणीची छपरे बसवण्यात आली. ऑगस्ट २०१८ मध्ये शाओलिन मठात प्रथमच राष्ट्रध्वज फडकला. शिनजियांगमध्ये २०१७ पासून उइगुर मुस्लिमांना मोठ्या प्रमाणावर छावण्यांत डांबण्यात आले. तेथील वागणूक मानवतेविरुद्धचा गुन्हा ठरू शकते असे संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने २०२२ मध्ये नोंदवले. चिनीकरण हा शब्द संस्कृतीशी जुळवून घेण्यासारखा सौम्य वाटतो, पण शिनजियांगमध्ये त्याचा अर्थ सक्ती हाच होता. व्हॅटिकनशी २०१८ मध्ये झालेल्या करारामुळे बिशपांच्या नेमणुकीतही बीजिंगला वाटा मिळाला.

तिबेटमध्ये तर पुनर्जन्मच राज्याच्या अखत्यारीत आणला गेला. १७९३ मध्ये चिअनलोंग सम्राटाने मोठ्या लामांचे अवतार सोन्याच्या कलशातून चिठ्ठी काढून ठरवावेत असा नियम केला. तो नेहमी पाळला गेला नाही. तेरावे आणि चौदावे दलाई लामा कलशाविनाच निवडले गेले. तरी बीजिंग आजही त्याच नियमाचा आधार घेते. मे १९९५ मध्ये दलाई लामांनी सहा वर्षांच्या गेदुन चोएक्यी न्यिमा याला दलाई लामांखालोखाल मान असलेले अकरावे पंचेन लामा म्हणून जाहीर केले. लवकरच तो मुलगा आणि त्याचे आईवडील अधिकाऱ्यांच्या ताब्यात गेले आणि त्यानंतर ते लोकांना दिसलेले नाहीत. नोव्हेंबरमध्ये ल्हासाच्या जोखांग मंदिरात कलशातून दुसऱ्या मुलाचे नाव काढण्यात आले. २००७ च्या सरकारी आदेशाने अवताराच्या मान्यतेसाठी रीतसर अर्ज आणि सरकारी मंजुरी सक्तीची केली. २ जुलै २०२५ रोजी, नव्वदाव्या वाढदिवसाच्या चार दिवस आधी, धरमशाला येथून चौदाव्या दलाई लामांनी आपली परंपरा पुढे चालू राहील आणि पुढचा अवतार ओळखण्याचा अधिकार फक्त आपल्या गादेन फोद्रांग न्यासाला असेल असे जाहीर केले. त्याच दिवशी बीजिंगने उत्तर दिले की निवड सोन्याच्या कलशाने आणि केंद्र सरकारच्या मंजुरीनेच होईल.