एवढ्याशा ‘टू’चे उद्योग

शाळेत ‘टू गो’, ‘टू ईट’ पाठ झालं, की इन्फिनिटिव्ह आटोपला असं वाटतं. खरी गंमत पुढेच आहे, आणि ती बरीचशी त्या चिमुकल्या ‘टू’मध्ये आहे.

हा ‘टू’ मुळात क्रियापदाच्या घरचा नाहीच! हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत इन्फिनिटिव्ह एकाच शब्दाचा असे: गाण्यासाठी ‘सिंगन’, पिण्यासाठी ‘ड्रिंकन’. शेवटचा ‘अन’ हीच त्याची खूण. ‘टू’ म्हणजे ‘कडे’ सांगणारं साधं शब्दयोगी अव्यय. हेतू सांगायचा असेल तेव्हाच ते पुढे यायचं. कालांतराने शेवटचे प्रत्यय झिजले आणि खुणेचं काम ‘टू’च्या गळ्यात पडलं.

काही दारं मात्र त्याला अजून बंद आहेत. ‘कॅन’, ‘मस्ट’, ‘शुड’ यांच्यामागे ‘टू’ चालत नाही. ‘मेक’चा थाट तर बघा. ‘शी मेड मी वेट’मध्ये ‘टू’ नको; तेच वाक्य कर्मणी केलं, की ‘आय वॉज मेड टू वेट’, आता ‘टू’ हवाच. ‘हेल्प’ मात्र दिलदार, त्याला दोन्ही चालतं. आणि ‘कॅन’ला स्वतःचा इन्फिनिटिव्हच नाही, म्हणून ‘टू बी एबल टू’चा वळसा घ्यावा लागतो.

‘टू’ असला-नसला की कधी अर्थही पालटतो. ‘ही स्टॉप्ड टू ड्रिंक टी’ म्हणजे गडी चहासाठी थांबला. ‘ही स्टॉप्ड ड्रिंकिंग टी’ म्हणजे त्याने चहा सोडला. केवढा फरक!

आता मोठं भांडण. ‘टू’ आणि क्रियापद यांच्यामध्ये तिसरा शब्द घुसवायचा की नाही? याला म्हणतात स्प्लिट इन्फिनिटिव्ह. कँटरबरीचे डीन हेन्री आल्फर्ड यांनी 1864 साली ‘द क्वीन्स इंग्लिश’ या पुस्तकात त्याला हरकत घेतली, आणि पुढे कित्येक पिढ्यांनी लाल शाईने असली वाक्यं खोडली. 1926 साली फाउलर यांनी इंग्रजी शब्दवापराच्या आपल्या कोशात या प्रश्नावरून इंग्रजी भाषकांचे चक्क पाच गट पाडले. ज्यांना हा प्रकार माहीतही नाही आणि त्याची फिकीरही नाही, ते लोक त्यांना सगळ्यांत सुखी वाटले. 1966 साली ‘स्टार ट्रेक’ मालिकेने ‘टू’ आणि ‘गो’च्या मध्ये ‘बोल्डली’ बसवून तो प्रकार घरोघरी पोचवला. शेवटी 2018 मध्ये ‘द इकॉनॉमिस्ट’ साप्ताहिकानेही अशा वाक्यांवरची आपली बंदी सैल केली. माझं मत विचाराल तर ही बंदी कधी नसती तरी चाललं असतं. ‘टू’ क्रियापदाला जन्मापासून चिकटलेला नाही, मग मध्ये कोणी बसलं तर बिघडलं कुठे?

इंग्रजी पेपरांच्या मथळ्यांत तर हाच ‘टू’ भविष्यकाळ होतो. ‘पीएम टू व्हिजिट पुणे’ वाचलं की दौरा अजून व्हायचाय हे लगेच कळतं.

आपल्याकडच्या ईमेलमध्ये हमखास दिसणारं ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’ मात्र चुकतं. तिथला ‘टू’ इन्फिनिटिव्हचा नव्हे, जुन्या शब्दयोगी वळणाचा. म्हणून ‘मीटिंग’ हवं. ओळखायची युक्ती सोपी: पुढे नाम ठेवून पाहा. ‘लुकिंग फॉरवर्ड टू द ट्रिप’ जमतंय ना? मग ‘आयएनजी’ लावा.

भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी गाजवलेली जोडीही मजेदार आहे. ‘जॉन इज ईगर टू प्लीज’ आणि ‘जॉन इज ईझी टू प्लीज’. दिसायला जुळी वाक्यं, पण पहिल्यात जॉन दुसऱ्यांना खूश करायला धडपडतोय, दुसऱ्यात लोक जॉनला सहज खूश करताहेत.

माझा सगळ्यांत लाडका नमुना ‘वॉना’चा. बोलताना ‘वॉन्ट टू’चं ‘वॉना’ होतं, पण प्रत्येक वेळी नाही. ‘हू डू यू वॉन्ट टू हेल्प?’ या वाक्याचे अर्थ दोन: तुला कोणाला मदत करायची आहे, किंवा कोणी मदत करावी असं तुला वाटतं. ‘हू डू यू वॉना हेल्प?’ म्हटलं, की बहुतेक इंग्रजी भाषकांना फक्त पहिला अर्थ लागतो. दुसऱ्या अर्थात ‘वॉन्ट’ आणि ‘टू’च्या मध्ये मदत करणाऱ्याची जागा असते. तो ‘हू’ होऊन वाक्याच्या सुरुवातीला गेलाय, तरी त्याची रिकामी जागा त्या दोन शब्दांना एकत्र येऊ देत नाही.