दोनशे मिलिक्युरी दिले, पण पोहोचले किती?

आतड्यात किंवा स्वादुपिंडात होणाऱ्या न्यूरोएंडोक्राइन गाठींवर गेल्या काही वर्षांत एक वेगळा उपचार रुळला आहे. ल्युटेशियम-177 हा किरणोत्सारी अणू डोटाटेट नावाच्या छोट्या रेणूला जोडतात आणि सलाइनमधून शिरेत सोडतात. या गाठींच्या पेशींवर सोमॅटोस्टॅटिन या संप्रेरकाचे ग्राहक दाटीवाटीने असतात. रेणू तिथे जाऊन चिकटतो आणि त्याच्यासोबत गेलेला ल्युटेशियम गाठीला आतूनच किरणं देऊ लागतो. अमेरिकेत या औषधाला जानेवारी 2018 मध्ये मान्यता मिळाली. प्रोस्टेटच्या कर्करोगावरचं याच धर्तीचं औषध मार्च 2022 मध्ये आलं. महाराष्ट्राचं याच्याशी जवळचं नातं आहे. ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत ल्युटेशियमवर न्यूट्रॉनांचा मारा करून हा समस्थानिक तयार होतो, आणि 1963 पासून चालू असलेल्या परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये तो रुग्णांना दिला जातो.

एका वेळची मात्रा साधारण ठरलेली असते: 7.4 गिगाबेकरेल. रुग्णालयात तिला ‘दोनशे मिलिक्युरी’ म्हणतात. याचा अर्थ, टोचण्याच्या क्षणी त्या औषधात दर सेकंदाला 740 कोटी अणू फुटत असतात. आठ-आठ आठवड्यांच्या अंतराने असे चार डोस. रुग्ण पंचेचाळीस किलोचा असो की नव्वद किलोचा, गाठ लिंबाएवढी असो की यकृतभर पसरलेली, आकडा बहुधा तोच.

हे खटकण्यासारखं आहे. बाहेरून यंत्राने किरणं देताना गाठीला किती, शेजारच्या मज्जारज्जूला किती, याचा हिशोब मांडल्याशिवाय उपचार सुरूच होत नाही. इथे मात्र किती दिलं ते नोंदलं जातं. किती पोहोचलं याची मोजदाद अनेक ठिकाणी होतच नाही.

या दोन गोष्टींची एककंही वेगळी आहेत. बेकरेल किंवा क्युरी सांगतात की किती अणू फुटत आहेत. पेशींनी किती ऊर्जा शोषली ते सांगतो ग्रे: एक किलो ऊतीत एक ज्यूल. ही ऊर्जा दिसायला अगदी क्षुल्लक. एक ग्रेने पाणी एका अंशाच्या चार हजाराव्या भागाइतकंच तापतं. पण तेवढ्यानेच एका पेशीच्या डीएनएच्या एकेरी धाग्यात हजारभर आणि दुहेरी धाग्यात वीस ते चाळीस तुटी पडतात. एकेरी तुटी पेशी सहज सांधते, दुहेरी तुटी तिच्या जिवावर उठतात.

सगळ्यात जास्त काळजी असते मूत्रपिंडांची. डोटाटेट लघवीवाटे बाहेर पडताना त्यातला काही भाग मूत्रपिंडातच अडकून राहतो. तो कमी अडकावा म्हणून औषधाबरोबर लायसिन आणि आर्जिनिन ही अमिनो आम्लं तासन् तास शिरेतून देतात. तरीही दर गिगाबेकरेलमागे मूत्रपिंडाला सरासरी 0.65 ग्रे मिळतात. चार डोसांचा हिशोब होतो 19 ग्रेच्या आसपास. सुरक्षित मर्यादा धरली जाते 23 ग्रे, आणि तीही बाहेरून दिलेल्या किरणांच्या अनुभवातून उचललेली. 19 आणि 23 यांच्यात फारसं अंतर नाही. त्यात या सरासरीभोवतीचा फरक मोठा आहे: कुणाला तिच्या निम्मं, तर कुणाला दीडपट. म्हणजे त्याच चार डोसांत एकाची मूत्रपिंडं मर्यादेच्या बरीच आत राहतात आणि दुसऱ्याची ती ओलांडतात. आपण यांतले कोण, हे मोजल्याशिवाय त्या दोघांनाही कळत नाही.

मोजता येतं, कारण ल्युटेशियम बीटा कणांबरोबर थोडे गॅमा किरणही सोडतो. त्यातले 208 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचे गॅमा शरीराबाहेर येतात आणि स्पेक्ट-सीटी यंत्रात टिपले जातात. डोसनंतर साधारण चार तासांनी, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या-चौथ्या दिवशी आणि आठवड्याने रुग्णाला त्या यंत्राखाली झोपवतात. मेडिकल फिजिसिस्ट पडद्यावर मूत्रपिंडाच्या कडेने रेघ ओढतो, आतला किरणोत्सार मोजतो आणि चार दिवसांचे चार बिंदू आलेखावर मांडतो. ल्युटेशियमचा अर्धायुष्यकाळ 6.65 दिवसांचा असला तरी मूत्रपिंडातला साठा दोन-अडीच दिवसांतच निम्मा होतो, कारण शरीरही तो बाहेर टाकत असतं. आलेखातल्या वक्राखालचं क्षेत्रफळ म्हणजे तिथे एकूण किती अणू फुटले तो आकडा. त्याला प्रत्येक फुटण्यामागे अवयवाला मिळणाऱ्या मात्रेने गुणलं की ग्रे हाती येतात. ही पद्धत बसवली ती मर्ड या अमेरिकी समितीने. तिची पहिली पुस्तिका 1968 सालची.

चार स्कॅन म्हणजे आजारी माणसाला चार खेपा. बाहेरगावाहून मुंबईला आलेल्या, धर्मशाळेत उतरलेल्या कुटुंबाला हे परवडणारं नाही. म्हणून जर्मनीतल्या वुर्झबर्गच्या संशोधकांनी 2018 मध्ये दाखवलेली वाट फार मोलाची वाटते: चौथ्या दिवशीच्या एकाच स्कॅनवरून मूत्रपिंडाची आणि गाठीची मात्रा पुरेशा अचूकतेने काढता येते.

मोजून उपचार केला तर काय होतं, हे स्वीडनमधल्या एका चाचणीत पाहिलं गेलं. तिथे डोसांची संख्या आधी ठरवलीच नाही. मूत्रपिंडाची मात्रा ठरलेल्या मर्यादेला पोहोचेपर्यंत औषध देत राहायचं, असा नियम केला. बऱ्याच रुग्णांना नेहमीच्या चारपेक्षा जास्त डोस देता आले. ठरावीक आकड्यावर थांबलं असतं तर या माणसांचा उपचार अर्ध्यावर सुटला असता.

अवयवाचा हिशोब इथवर आला, तरी खरा पेच पुढे आहे. कर्करोग मरतो तो एकेका पेशीने, आणि अवयवाची सरासरी पेशीबद्दल फारसं काही सांगत नाही. तालुक्यात सरासरी शंभर मिलिमीटर पाऊस नोंदला म्हणून प्रत्येक शेत भिजलं असं होत नाही, तसंच हे आहे.

अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये रॉजर हॉवेल आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षं याच प्रश्नाच्या मागे आहेत. 2006 मध्ये त्यांनी दाखवलं की एकाच बशीत वाढवलेल्या, एकाच जातीच्या पेशींना एकच किरणोत्सारी द्रव्य दिलं, तरी त्या ते सारख्या प्रमाणात घेत नाहीत. बहुतेक पेशी थोडं घेतात, काही मोजक्या भरमसाट घेतात. सरासरी फुगते ती या मोजक्यांमुळे, आणि जगून राहतात त्या कमी घेतलेल्या. ज्यांच्यामुळे आजार उलटतो त्या याच. या गटाने मर्डसेल नावाचं सॉफ्टवेअर तयार केलं. पेशीचा आणि केंद्रकाचा आकार, समस्थानिक आणि तो पेशीत कुठे बसला आहे एवढं सांगितलं की किती पेशी वाचतील याचा अंदाज ते देतं.

समस्थानिक कोणता, यावर इथे बरंच ठरतं. ल्युटेशियमचे बीटा कण ऊतीत जास्तीत जास्त दोन मिलिमीटर जातात. पेशी एक शतांश मिलिमीटरची, म्हणजे एक कण अनेक पेशी ओलांडतो आणि प्रत्येकीच्या केंद्रकात जेमतेम मिलिग्रेएवढी मात्रा ठेवतो. मोठ्या गाठीत हे फायद्याचं, कारण औषध न घेतलेली पेशीही शेजारणींच्या कणांनी मरते. पण गाठीतून सुटून एकटी पडलेली पेशी बचावते. तिच्यातून निघालेला कण आपली बहुतेक ऊर्जा बाहेर जाऊन टाकतो.

अल्फा कणांचं उलट. ते दहा पेशींच्या अंतरातच थांबतात आणि एकच कण केंद्रकाला पाव ग्रेच्या आसपास मात्रा देतो. अॅक्टिनियम-225 हा अशा औषधांत वापरला जाणारा समस्थानिक स्थिर होईपर्यंत असे चार कण सोडतो. त्याची मात्रा ल्युटेशियमच्या हजाराव्या भागाइतकीच असते, त्यामुळे स्कॅनमध्ये तो नीट दिसत नाही. शिवाय अल्फा सुटताना बसणाऱ्या धक्क्याने पुढचा अणू रेणूपासून तुटतो, आणि त्या साखळीत पुढे तयार होणारा बिस्मथ मूत्रपिंडाकडे वळतो. प्रोस्टेटच्या रुग्णांत लाळग्रंथींनाही मार बसतो. तोंड इतकं कोरडं पडतं की जेवण नकोसं होतं. सर्वांत जोरकस औषध आणि सर्वांत कच्ची मोजणी, अशी आजची स्थिती आहे.

युरोपीय संघाने 2013 च्या निर्देशात किरणोपचाराची मात्रा प्रत्येक रुग्णासाठी वेगळी आखून पडताळावी असं बंधन घातलं, आणि त्यात किरणोत्सारी औषधंही धरली. आपल्याकडे औषध ट्रॉम्बेत बनतं, स्पेक्ट-सीटी यंत्रं मोठ्या रुग्णालयांत आहेत. उरतो तो डोसनंतरचा एक स्कॅन आणि फिजिसिस्टचा वेळ, आणि तेवढा खर्च उपचाराच्या पॅकेजमध्येच धरायला हवा. तुमच्या घरातल्या कुणाला हा उपचार सुचवला गेला, तर डॉक्टरांना एवढं जरूर विचारा: डोसनंतर मूत्रपिंडाची आणि गाठीची मात्रा मोजणार आहात का, आणि पुढचा डोस त्यावर ठरणार आहे का?